मानपत्रातलं खरं वाक्य

महिन्यातून एकदा तरी व्हॉट्सअ‍ॅपवर असा फोटो येतोच. नागपुरातल्या वर्धा रोडवरच्या एखाद्या हॉटेलचा हॉल, मागे चकाकणारा फ्लेक्स, मध्यभागी पाहुणे, आणि त्यांच्या हातून काचेची ट्रॉफी घेणारी एक ओळखीची व्यक्ती. खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. खाली ओळ असते, ‘वैद्यकीय तंत्रज्ञान क्षेत्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल’. योगदान नेमकं कोणतं, ते फोटोत कुठेच नसतं. आपण अंगठा टाकतो आणि पुढे सरकतो.

यातले काही पुरस्कार पैसे भरून मिळतात, हे आता कुणी कुणाला सांगायची गरज नाही. त्यांच्यावर हसणं सोपं आहे, म्हणून ते इथे सोडून देऊ. अवघड प्रश्न प्रामाणिक पुरस्काराचा आहे. समजा, तुम्ही परीक्षक आहात. कुणाचा दबाव नाही, पाकीट नाही, ओळखदेख नाही. समोर एक यंत्र किंवा एक उपचारपद्धती आहे आणि तिने हजारो माणसं वाचवली आहेत. तुम्हाला एकच नाव निवडायचं आहे. ते निवडता येतं का? आणि निवडलं, तर ते खरं असतं का?

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी बसलेले असतात. आत आपलं माणूस, हातात फाइल. त्या यंत्रासाठी १९७९ सालचं नोबेल दोघांना मिळालं. एक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड, गाण्यांच्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. दुसरे अ‍ॅलन कॉर्मॅक, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांनी त्यामागचं गणित आधीच मांडून ठेवलं होतं. दोघांनी एकत्र काम कधीच केलं नाही. पण क्ष-किरणांचा शोध, संगणक, ते धातूचे भाग घडवणारे कारागीर, १९७१ साली लंडनमध्ये त्या यंत्रात पहिल्यांदा डोकं ठेवायला तयार झालेली रुग्ण? नावांची साखळी ओढायला लागलं की ती संपतच नाही.

म्हणून काही जण म्हणतात, व्यक्तीला पुरस्कार देणं हीच मुळात चूक आहे. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठी मी दोन गोष्टी सांगतो. दोन्ही टेस्ट ट्यूब बेबीच्या आहेत. एक इंग्लंडमधली आणि एक आपल्याकडची.

*

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राउन जन्मली. शरीराबाहेर गर्भधारणा होऊन जन्मलेलं जगातलं पहिलं बाळ. जगाला दोन नावं पाठ झाली, रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो. तिसरं नाव होतं जीन पर्डी यांचं. त्या प्रशिक्षणाने नर्स होत्या. १९६८ साली एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आल्या आणि भ्रूण वाढवण्याचं तंत्र शिकत शिकत त्यातल्या जाणकार झाल्या. मधल्या काळात आई आजारी पडली म्हणून त्या रजेवर गेल्या, तर कामच थांबलं. हा तपशील मला कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोठा वाटतो. एखाद्याचं योगदान किती, हे त्याच्या हजेरीत कळत नाही, गैरहजेरीत कळतं.

ओल्डहॅममध्ये या कामाची आठवण म्हणून पाटी लावायचं ठरलं, तेव्हा जीनचंही नाव घाला, तिचा वाटा आमच्याइतकाच आहे, असं एडवर्ड्स यांनी अधिकाऱ्यांना लिहून कळवलं. पाटी लागली. त्यावर तिचं नाव नव्हतं. १९८५ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, जीन पर्डी वारल्या. १९८८ साली स्टेप्टो गेले. २०१० साली नोबेल जाहीर झालं ते एकट्या एडवर्ड्स यांना, कारण नोबेल मरणोत्तर दिलं जात नाही. एडवर्ड्स यांची ती पत्रं २०१९ साली लोकांसमोर आली. त्याआधी, २०१५ साली, तिन्ही नावं असलेली नवी पाटी लागली होती.

इथे खलनायक कोण? एडवर्ड्स यांनी श्रेय लाटलं नाही, उलट वाटायचा प्रयत्न केला. नोबेल समितीने नियम पाळला. पाटी लावणाऱ्यांना बहुधा एवढंच वाटलं असेल, की दोन डॉक्टरांच्या मधे नर्सचं नाव कशाला. कुणीही धडधडीत खोटं बोललं नाही. तरीही पाटी खोटी झाली. एखादं वाक्य त्यात जे आहे त्यामुळे खोटं ठरतं, तसंच त्यात जे नाही त्यामुळेही ठरू शकतं.

*

दुसरी गोष्ट. लुईस जन्मल्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. तिची ओळख लपवण्यासाठी तिला ‘दुर्गा’ म्हटलं गेलं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सांगितलं, की हे आमच्या प्रयोगातून जन्मलेलं बाळ आहे. त्यांच्यासोबत सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य होते. साधनं तुटपुंजी होती. पण दावा मोठा होता, कारण हा भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवून मग वापरला होता. गोठवलेल्या भ्रूणातून जन्मलेलं जगातलं पहिलं बाळ म्हणून ज्याची नोंद आहे, ते ऑस्ट्रेलियात १९८४ साली जन्मलं.

राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या प्रमुखपदी रेडिओ भौतिकशास्त्राचे अभ्यासक होते. समितीने दावा फेटाळला. जपानमधल्या परिषदेत काम मांडायला जायची परवानगी मुखोपाध्याय यांना मिळाली नाही. पुढे त्यांची बदली नेत्रविकाराच्या संस्थेत झाली. १९८१ साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

संशय घेणं चूक नव्हतं, हेही सांगायला हवं. विज्ञान संशयावरच चालतं. दुर्गाच्या आईवडिलांना प्रसिद्धी नको होती, त्यामुळे पुरावा मांडणंही कठीण होतं. पण संशय घेणं वेगळं आणि पुरावा मांडायची वाटच बंद करणं वेगळं. पहिल्याला शास्त्र म्हणतात, दुसऱ्याला फक्त अधिकार म्हणतात.

आता मुंबई. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या पथकाचं ते यश होतं. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. वर्तमानपत्रं भरून गेली. आपल्या आईवडिलांच्या पिढीने सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हेच पाठ केलं.

मधे मुखोपाध्याय यांच्यावर बेतलेला ‘एक डॉक्टर की मौत’ हा तपन सिन्हांचा सिनेमा १९९० साली येऊन गेला. शास्त्राच्या जगाला जाग यायला आणखी सात वर्षं लागली. १९९७ साली आनंद कुमार एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले. तिथे मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली, दुर्गाच्या पालकांशी बोलले आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केलं, की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखोपाध्याय आहेत. म्हणजे मी नाही.

हे वाचताना थोडं थांबा. ज्या माणसाच्या नावापुढे ‘पहिला’ हा शब्द लागला होता, त्यानेच तो काढून दुसऱ्याच्या नावापुढे लावला. मागणारा जिवंत नव्हता. कोर्टात दावा नव्हता. गप्प बसले असते तर कुणी विचारलंही नसतं. आणि तो मान त्यांच्या एकट्याचा नव्हता, सहकाऱ्यांचाही होता, म्हणजे सोडणं अधिकच अवघड. त्यांच्या पथकाचं काम यामुळे खोटं ठरलं नाही. १९८६ चा प्रयोग हा भारतातला शास्त्रीय कागदपत्रांसह सिद्ध झालेला पहिला प्रयोग आहेच. फक्त ‘पहिला’ आणि ‘सिद्ध झालेला पहिला’ या दोन वाक्यांतला फरक त्यांनी स्वतःहून मान्य केला.

*

या गोष्टीत मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. पुरस्कार म्हणजे नेमकं काय असतं, हे आपण कधी नीट ठरवतच नाही. साधारण तीन उत्तरं दिली जातात.

पहिलं, पुरस्कार म्हणजे मोबदला. माणसाने कष्ट केले, समाजाने परतफेड केली. दुसरं, पुरस्कार म्हणजे प्रोत्साहन. एकाला मिळालेला पाहून दहा जण कामाला लागतील. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण ती १९९७ च्या त्या लेखाला लावून पाहा. मुखोपाध्याय यांना मोबदला देता येणार नव्हता, ते सोळा वर्षांपूर्वीच गेले होते. प्रोत्साहन म्हणावं, तर त्यांची कहाणी ऐकून कुणी संशोधनाकडे वळण्यापेक्षा दूरच पळेल. तरीही तो लेख छापला गेला तेव्हा काहीतरी योग्य घडलं, असं आपल्याला आतून वाटतं. मग ते काय होतं?

ती साक्ष होती. पुरस्काराचं हेच तिसरं आणि माझ्या मते खरं उत्तर. समाज चार लोकांसमोर उभा राहून सांगतो, की हे झालं आणि ते या माणसाने केलं. ट्रॉफी, धनादेश, शाल हा सगळा सरंजाम त्या एका वाक्याभोवतीचा आहे. आपल्याकडे सत्कारात मानपत्र वाचायची पद्धत आहे. ते सुरू झालं की लोक मोबाइल काढतात, कारण त्यात ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ आणि ‘समाजाप्रती तळमळ’ याखेरीज काही नसतं. पण खरं तर सोहळ्यातली तेवढी एकच गोष्ट महत्त्वाची आहे. साक्षीला एकच नियम असतो, ती खरी हवी.

असं मानलं की काही गोष्टी आपोआप ठरतात. पुरस्कार ही भेटवस्तू असेल, तर घेणाऱ्याने ‘धन्यवाद’ म्हणून बसायचं. पण ती साक्ष असेल, तर घेणारा हा पहिला साक्षीदार आहे. कुणी काय केलं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. म्हणून मानपत्रातली चूक दुरुस्त करणं हे मनाचं मोठेपण नाही, कर्तव्य आहे. आनंद कुमार यांना आपण थोर म्हणतो, कारण असं वागणारे फार कमी आहेत. पण त्यांनी केलं ते प्रत्येक पुरस्कारविजेत्याकडून अपेक्षित असायला हवं.

*

इथे कुणी म्हणेल, एवढा घोळ कशाला? पुरस्कार संघाला द्या, संस्थेला द्या. कुणाचं नाव राहायला नको आणि कुणाला वाईट वाटायला नको.

फायनल इयरचा प्रोजेक्ट आठवा. ग्रुपमध्ये चार जण. एकाने सर्किट जुळवलं, एकीने कोड लिहिला, एकाने रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग करून आणलं आणि चौथा थेट व्हायवाच्या दिवशी उगवला. सर्टिफिकेटवर चौघांची नावं एकाच आकारात. हा न्याय झाला का? ‘टीमवर्क’ हा शब्द ऐकायला नम्र वाटतो, पण बऱ्याचदा तो कमी काम करणाऱ्याच्या सोयीचा असतो. आणि संस्था मोठी असेल, तर वरच्या माणसाच्या सोयीचा. संघाला पुरस्कार मिळाला तरी स्टेजवर कुणीतरी एकच जण जातो. तो कोण असतो, हे आपण जाणतो.

जयपूर फूटचं पाहा. रबर आणि लाकडाचा तो कृत्रिम पाय, ज्याने अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, शेतातल्या चिखलात उतरता येतं. १९८१ साली अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो त्यांना शोभणारा होता. पण तो पाय घडवणारे हात रामचंद्र शर्मा यांचे होते. ‘मास्टरजी’ म्हणून ओळखले जाणारे, शालेय शिक्षण बेताचंच असलेले कारागीर. शरीररचना डॉक्टरांना ठाऊक होती, रबर मास्टरजींना. एकाशिवाय दुसऱ्याचं ज्ञान कागदावर किंवा भट्टीत राहिलं असतं. त्यांचं नाव आज सांगितलं जातं, पण नंतर, जोडून, ‘आणि’ लावून.

यावर उपाय म्हणून ‘जयपूर पथक’ म्हणून दोघांचीही नावं पुसली असती, तर नुकसान कुणाचं जास्त झालं असतं? डॉक्टरांकडे पदवी होती, पद होतं. मास्टरजींकडे जगाला दाखवायला नावाखेरीज काय होतं? म्हणून मला व्यक्तीचा सन्मान हवा आहे. नाव पुसल्याने समता येत नाही. ज्याच्याजवळ फक्त नाव आहे, त्याचं तेवढंही जातं.

*

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो आपल्या विदर्भातलाच आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग दोघंही नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकले. पुढे ते गडचिरोलीला गेले. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखायचा, तर बाळाचे श्वास मोजायला लागतात. दोन महिन्यांहून लहान बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक श्वास, ही धोक्याची खूण. पण डॉक्टर गावात नाही. गावात आहे दाई, आणि तिला मोजता येतं दहा-बारापर्यंत.

इथे दोन मार्ग होते. दाईला ६० पर्यंत मोजायला शिकवा, नाहीतर तिला बाजूला ठेवा. त्यांनी तिसरा काढला. श्वास मोजायचं एक साधं साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, अक्षरओळख नाही. न्यूमोनियावरच्या गावपातळीवरच्या उपचारांचा त्यांचा अभ्यास १९९० साली ‘लान्सेट’मध्ये आला. १९९९ साली नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास आला. ३९ गावांतल्या त्या कामामुळे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून ही पद्धत आशांच्या मार्फत देशभर राबवायला सुरुवात झाली. बंग दांपत्याला २००३ साली महाराष्ट्र भूषण आणि २०१८ साली पद्मश्री मिळाली.

या सन्मानांविषयी माझी काहीच तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे. त्या मण्यांच्या साधनात दाईचं योगदान किती? तिने ते बनवलं नाही. पण ते तिच्या मोजण्याच्या मापाने बनलं आहे. ‘दहापर्यंत मोजता येतं’ ही आपल्याला तिची उणीव वाटते. इथे तीच त्या साधनाची रचना ठरली. शिवाय मध्यरात्री, चुलीच्या उजेडात, हुंदके देणाऱ्या आईशेजारी बसून मणी सरकवणारी आणि ‘हा न्यूमोनिया आहे’ असं सांगायची जबाबदारी घेणारी तीच. तिचं चुकलं असतं, तर गावाने तिलाच विचारलं असतं, संशोधनपत्राला नाही.

मग पुरस्काराच्या यादीत तिलाही बसवायचं का? इथे मी अडखळतो. सगळ्यांची नावं घालायची म्हटलं, तर ती यादी होते, साक्ष राहत नाही. कल्पना सुचणं आणि ती राबवणं यांत फरक आहे, आणि तो पुसणंही खोटंच ठरेल.

पण सन्मानाचे दोन प्रकार असतात, असं मला या उदाहरणावरून वाटू लागलं आहे. एक काम झाल्यावर दिला जातो. त्याला हार, शाल आणि पाहुणे लागतात. दुसरा काम सुरू होण्याआधी दिला जातो. तुझ्या हातात हे सोपवतो आहोत, तू ओळखशील आणि तू ठरवशील, असा तो विश्वास असतो. दाईला पहिला सन्मान मिळाला नसेल, पण ते साधन तिच्या हातात पडलं त्या दिवशी दुसरा मिळाला होता. आणि वैद्यकीय तंत्रज्ञानात हा दुसरा सन्मान जास्त दुर्मीळ आहे. बहुतेक यंत्रं वापरणाऱ्यावर अविश्वास ठेवूनच बनवली जातात.

तरी एवढ्यावर समाधान मानलं, तर ती पळवाट होईल. ‘तुझ्यावर विश्वास ठेवला, आता नाव कशाला?’ हे वाक्य बायकांना आणि कष्टकऱ्यांना फार वर्षं ऐकवलं गेलं आहे. विश्वास हा नावाचा पर्याय नाही. म्हणून पुरस्कार एकालाच मिळाला, तरी मानपत्रात बाकीच्यांसाठी जागा हवी, आणि तीही ‘तसेच सर्व सहकारी’ अशी मोघम नको. कोण, कुठे, काय केलं. स्पष्ट.

*

आपल्यापैकी फार थोड्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळेल. पण नाव लिहायची वेळ प्रत्येकावर येते. प्रोजेक्ट रिपोर्टच्या ऋणनिर्देशात, लिंक्डइनच्या पोस्टमध्ये, स्टार्टअपच्या सादरीकरणात ‘आमची टीम’ या स्लाइडवर, पेटंटच्या अर्जात शोधकांच्या रकान्यात. तिथे आपणच परीक्षक असतो आणि आपणच विजेते. मी तिथे स्वतःला दोन प्रश्न विचारायचे ठरवले आहेत. कोण रजेवर गेलं असतं, तर हे काम थांबलं असतं? आणि ज्याचं नाव मी लिहीत नाहीये, तो हे वाचेल तेव्हा त्याला माझ्या डोळ्याला डोळा भिडवता येईल, की मला त्याच्या?

दुसरा प्रश्न पुरेसा नाही, हे मला ठाऊक आहे. मुखोपाध्याय वाचायला नव्हते. जीन पर्डीही नव्हत्या. डोळ्याला डोळा भिडवायला कुणीच उरलेलं नसताना आनंद कुमार यांनी टिपणांची ती पानं उलटली आणि आपल्या नावापुढचा शब्द खोडला. पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रॉफीचा फोटो आला, की अंगठा टाकण्याआधी विचारून पाहा, ‘अभिनंदन! नेमकं काय केलंत? आणि सोबत कोण होतं?’ ज्याने खरंच काम केलं असेल, त्याला हा प्रश्न आवडेल. उत्तर द्यायला तो चार नावं जास्तच घेईल.